मोठ्या गटाला शीतनिद्रा शिकवताना ‘झोप’ हा शब्द वापरावा का?

बालवाडीताई_वाई · १० डिसेंबर

नमस्कार. मी वाईजवळच्या एका गावात बालवाडीच्या मोठ्या गटाला शिकवते. वर्गात पाच ते सहा वर्षांची बावीस मुले आहेत. डिसेंबर महिन्यासाठी ‘हिवाळा’ हा विषय ठरलेला असून त्यात ‘हिवाळ्यात झोपणारे प्राणी’ असा एक भाग आहे. त्यासाठी आलेल्या चित्रपत्रिकेत बर्फाने झाकलेला डोंगर, गुहेत कुशीवर झोपलेले अस्वल, झाडाच्या ढोलीत शेपटी पांघरून झोपलेली खार आणि पाचोळ्याखाली अंगाचा गोळा करून पडलेला काटेरी जाहक अशी चित्रे आहेत. मुलांनी ती रंगवायची आणि प्रत्येक प्राण्यापासून त्याच्या घरापर्यंत रेघ ओढायची, एवढेच काम आहे.

मागच्या सोमवारी मी हा भाग घेतला. मुलांनी अस्वल मन लावून रंगवले. पण नंतर जे प्रश्न आले, त्यांच्यासाठी माझी तयारी पुरेशी नव्हती. एका मुलीने विचारले की आमच्या परसातल्या पेरूवरची खार तर आज सकाळीच ओरडत होती, मग ती का झोपली नाही. एकाने विचारले की अस्वलाला मध्येच शू लागली तर ते काय करते. हे दोन्ही प्रश्न मला फार आवडले, पण त्यांची खात्रीची उत्तरे माझ्याकडे नव्हती, म्हणून ‘शोधून सांगते’ असे मी मुलांना सांगितले आहे.

खरी अडचण पुढे आली. वर्गातल्या एका मुलाचे आजोबा दिवाळीच्या थोडे आधी वारले. ‘आजोबा झोपले आहेत’ असे घरच्यांनी त्याला सांगितले होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. अस्वल कितीतरी महिने झोपते, काही खात नाही, पीत नाही आणि थंडी सरली की उठते, असे मी सांगत असताना तो जागेवरून उठला आणि म्हणाला, “बाई, मग आमचे आजोबापण थंडी संपल्यावर उठतील.” त्याच्या आवाजात शंका अजिबात नव्हती. त्याला मोठा दिलासा मिळाला होता आणि तो माझ्या सांगण्यातून मिळाला होता. मी त्याला जवळ घेतले आणि सगळ्यांना डबे काढायला सांगितले. त्या दिवसापासून हा भाग मी पुढे नेलेला नाही.

मला दोन गोष्टींविषयी मार्गदर्शन हवे आहे. शीतनिद्रा ही खरोखर झोप असते का, आणि नसेल तर पाच वर्षांच्या मुलाला समजेल अशा कोणत्या शब्दांत ती सांगावी? दुसरे असे की ज्या मुलांनी बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिला आहे, त्यांना हा विषय आपल्या परिसरातून शिकवता येईल का? आपल्या अनुभवातून सांगावे, ही विनंती.

---

जीवशास्त्र_सोलापूर · १० डिसेंबर

ताई, आपण विषय थांबवलात हे योग्यच केले, पण तो सोडून देऊ नका, कारण आपल्या वर्गाने विचारलेले प्रश्न या विषयाच्या अगदी गाभ्याचे आहेत. मी तीस वर्षे जीवशास्त्र शिकवले आणि ‘शीतनिद्रा’ या शब्दाने होणारा घोटाळा दहावी-बारावीच्या मुलांमध्येही पाहिला आहे.

शीतनिद्रा ही झोप नव्हे. आपण झोपतो तेव्हा शरीराचे तापमान जेमतेम अर्धा-एक अंश उतरते, हृदय थोडे संथ होते, आणि कोणी हाक मारली की आपण लगेच उठतो. शीतनिद्रेत मात्र शरीर आपला सगळा खर्चच कमी करते. थंड प्रदेशांतल्या जमिनीत बिळे करून राहणाऱ्या खारींच्या शरीराचे तापमान ३७ अंशांवरून पाण्याच्या गोठणबिंदूच्या जवळपास येते. आर्क्टिक प्रदेशातल्या खारीच्या शरीराचे तापमान तर शून्याच्याही खाली, उणे २.९ अंशांपर्यंत गेल्याची नोंद आहे. या खारी दर दोन-तीन आठवड्यांनी थरथरून अंग तापवतात, काही तास नेहमीच्या तापमानाला राहतात आणि पुन्हा थंड होतात. त्या काही तासांतला बराचसा वेळ त्या चक्क झोपतात. त्यांच्या मेंदूतील विद्युत लहरी तपासल्यावर असे दिसले की शीतनिद्रेतून बाहेर आलेल्या खारीला झोपेची थकबाकी असते आणि ती आधी गाढ झोपून ती भरून काढते. ज्या अवस्थेत झोप साठत नाही, उलट तुटते, तिला झोप म्हणणे बरोबर नाही, हे एवढ्यावरूनच लक्षात येईल.

आता अस्वलाच्या शू-विषयी. शीतनिद्रेतले अस्वल महिनोन्महिने शू करत नाही आणि शीही करत नाही. मूत्राशयात जमणारे मूत्र शरीर पुन्हा शोषून घेते आणि त्यातल्या युरियातील नत्र वापरून नवी प्रथिने तयार करते. म्हणूनच एवढा काळ पडून राहूनही त्याचे स्नायू आपल्यासारखे झडत नाहीत. मुलांना एवढेच सांगा की अस्वलाचे शरीर शू फेकून न देता पुन्हा वापरते. ते ऐकून मुले जो आवाज काढतील तो काढू द्यावा, पण ही गोष्ट ती कधी विसरणार नाहीत. अस्वलाचे शरीर मात्र खारीइतके थंड होत नाही. अलास्कातील काळ्या अस्वलांवरचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांचे तापमान ३० अंशांच्या खाली गेलेले नव्हते, पण हृदयाचे ठोके मिनिटाला ५५ वरून १४ वर आले होते आणि ऊर्जेचा खर्च चौथाईवर आला होता. मादी तर त्या गुहेतच ऐन हिवाळ्यात पिल्लांना जन्म देते आणि दूध पाजते.

पेरूवरच्या खारीविषयी विचारणारी मुलगी चित्रपत्रिकेपेक्षा अधिक अचूक आहे, हे तिला अवश्य सांगा. पाठीवर तीन पट्टे असलेली आपली खार शीतनिद्रा घेत नाही, कारण तिला तशी गरजच पडत नाही. तिला बारा महिने खायला मिळते. आपल्याकडच्या अस्वलाचेही तसेच आहे. मेळघाट आणि ताडोबातले अस्वल वाळवी, मध, बोरे आणि मोहाची फुले यांवर वर्षभर हिंडत राहते. श्रीनगरजवळच्या दाचीगाममधले काळे अस्वल मात्र हिवाळ्यात गुहेत किंवा झाडाच्या ढोलीत शिरते, कारण तिथे बर्फ पडला की त्याचे अन्न संपते. यामागे थंडीपेक्षाही अन्नाचा तुटवडा हे मोठे कारण असते. मादागास्करमध्ये जाड शेपटीचा एक लहानसा लेमूर (माकडांचा दूरचा नातलग) आहे. तो शेपटीत चरबी साठवतो आणि कोरड्या ऋतूत झाडाच्या ढोलीत सात-सात महिने निष्क्रिय राहतो. तिथे तर बर्फाचा प्रश्नच येत नाही.

आता शब्दाविषयी. मराठीत शीतनिद्रा, शीतसमाधी आणि शीतनिष्क्रियता असे तिन्ही शब्द आढळतात. त्यांतला शेवटचा सर्वांत अचूक असला तरी पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडात बसणार नाही. ‘समाधी’ आपल्या प्रसंगात तर कटाक्षाने टाळावा, कारण आपल्याकडे गावोगावच्या मुलांना समाधी म्हणजे काय ते माहीत असते. मी असतो तर मुलांना स्वयंपाकघरात नेले असते. आई दूध तापवते तेव्हा गॅस मोठा असतो; दूध वर आले की ती गॅस बारीक करते. गॅस बंद केलेला नसतो. निळी ज्योत दिसते न दिसते इतकी लहान होते, पण असते, आणि सिलिंडर पुष्कळ दिवस पुरतो. हिवाळ्यातले अस्वल म्हणजे बारीक केलेला गॅस, आणि त्याने पावसाळ्यात-शरदात खाऊन साठवलेली चरबी म्हणजे सिलिंडर. पूर्वी मी कंदिलाची वात खाली ओढण्याचे उदाहरण देत असे, पण आताच्या मुलांनी कंदील पाहिलेला नसतो.

---

टोरांटोची_आई · ११ डिसेंबर

वरचा प्रतिसाद वाचला. गॅस बारीक करण्याचे उदाहरण मी आजच उचलत आहे. मी टोरांटोत राहते आणि रविवारी भरणाऱ्या मराठी शाळेत लहान मुलांना शिकवते. आमच्याकडची परिस्थिती ताईंच्या अगदी उलट आहे. मुलांना बर्फ अंगणात दिसतो, पण शीतनिद्रा या शब्दातली ‘निद्रा’ त्यांना कळत नाही. ‘झोप’ म्हटले की कळते आणि मग गैरसमजाला तिथूनच सुरुवात होते.

चित्रपत्रिकेतल्या खारीबद्दल सरांनी सांगितले त्याला मी दुजोरा देते. इथल्या झाडांवरच्या करड्या खारी जानेवारीत, उणे १५ अंशांतसुद्धा, बर्फ उकरून पुरून ठेवलेली फळे शोधताना रोज दिसतात. त्यांच्याऐवजी शीतनिद्रा घेतो तो ग्राउंडहॉग, म्हणजे जमिनीत बिळे करून राहणारा मार्मोट (खारीच्याच कुळातला मोठा प्राणी). लडाखला गेलेल्यांनी पँगाँग सरोवराच्या वाटेवर जे गुबगुबीत मार्मोट पाहिले असतील, त्यांचाच हा भाऊबंद आहे. लडाखचे मार्मोटही वर्षातला निम्म्याहून अधिक काळ बिळाच्या आत, एकमेकांना चिकटून काढतात. (तिथे पर्यटक त्यांना बिस्किटे खाऊ घालतात. हे कृपया कोणी करू नये; त्या प्राण्याला थोड्या महिन्यांत योग्य ती चरबी साठवायची असते आणि ती गवतातून व कंदमुळांतूनच यायला हवी.)

मी वर्गात जे केले ते सांगते, कारण ताईंना ते करता येण्यासारखे आहे. एक पातेले आणि एक पळी घेतली. सेकंदकाटा असलेले मोठे घड्याळ मुलांसमोर ठेवले. उन्हाळ्यात ग्राउंडहॉगचे हृदय मिनिटाला ऐंशीच्या आसपास ठोके देते, म्हणून मी पातेल्यावर तसे ठोके दिले आणि मुलांनी आपापल्या छातीवर हात ठेवून आपले ठोकेही तसेच पडत आहेत का ते पाहिले. मग मी म्हटले, आता हिवाळा आला. हिवाळ्यात तेच हृदय मिनिटाला पाच ठोक्यांपर्यंत संथ होते. मी एक ठोका दिला आणि थांबले. सेकंदकाटा बारा घरे पुढे सरकेपर्यंत दुसरा ठोका द्यायचा नव्हता. तीनचार सेकंद झाल्यावर मुले कुजबुजू लागली, सातव्या-आठव्या सेकंदाला एक मुलगी म्हणाली, “मेला वाटतं,” आणि बाराव्या सेकंदाला ठोका पडला तेव्हा सगळा वर्ग एकदम हसला. त्या पाच ठोक्यांच्या मिनिटात मुलांना जे समजले, ते मी पूर्वी दोन तास बोलूनही समजावू शकले नव्हते. ताईंच्या वर्गात मात्र आधीच सांगून ठेवावे की ठोका नक्की येणार आहे, आपण फक्त वाट पाहायची आहे. त्या मुलासमोर ‘मेला वाटतं’ हा शब्द अचानक यायला नको.

आणखी एक सावधगिरी. उत्तर अमेरिकेत, आमच्या ओंटारियोतसुद्धा, वुड फ्रॉग नावाचा एक छोटा बेडूक आहे. तो हिवाळ्यात पाचोळ्याखाली अक्षरशः गोठतो. त्याच्या शरीरातले निम्म्याहून अधिक पाणी बर्फ होते, श्वास थांबतो, हृदय पूर्ण बंद पडते आणि वसंतात तो वितळून उड्या मारू लागतो. यकृतातून रक्तात उतरलेली भरपूर साखर त्याच्या पेशींना वाचवते. ही गोष्ट मोठ्या मुलांना सांगायला फार सुंदर आहे. पण ताई, आपल्या वर्गात ती या वर्षी सांगू नका. तिथे गॅस खरोखर बंद होऊन पुन्हा पेटतो, आणि त्या मुलाला जो फरक समजावायचा आहे तोच पुसला जाईल.

---

उदगीरचा_गुरुजी · १२ डिसेंबर

मी लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवतो आणि घरी थोडी शेती आहे. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला द्यायचे आहे. आपल्या परिसरातून हा विषय शिकवता येतो. फक्त तो डिसेंबरात न शिकवता एप्रिलपासून जूनपर्यंत शिकवावा लागतो. आपल्या मुलखात प्राण्यांना जगणे अवघड करणारा ऋतू उन्हाळा आहे. जमीन भेगाळते, पाणी आटते, आणि अनेक प्राणी थंड देशांतले प्राणी हिवाळ्यात जे करतात तेच उन्हाळ्यात करतात. त्याला ग्रीष्मनिद्रा म्हणतात. सरांनी ‘निद्रा’ शब्दाबद्दल जे लिहिले ते इथेही लागू आहे, म्हणून मी वर्गात ‘दडी मारणे’ असे म्हणतो. हा शब्द मुलांना खेळातून माहीत असतो, आणि दडी मारलेला गडी जागा असतो व बाहेर येणार असतो हेही माहीत असते.

माझ्या वर्गातले सर्वांत उपयोगी उदाहरण शंखी गोगलगायीचे आहे. आमच्याकडच्या शेतकऱ्यांना तिची ओळख करून द्यावी लागत नाही. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत तिने सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात फस्त केली होती आणि अनेकांना दुबार पेरणी करावी लागली होती. पाऊस संपला की ही गोगलगाय बांधाच्या दगडाखाली किंवा मातीत शिरते, अंग शंखात ओढून घेते आणि शंखाच्या तोंडावर स्वतःच्या चिकट स्रावाचा पडदा धरते. तो वाळला की चुन्यासारखा पांढरट दिसतो. त्या पडद्यामुळे आतला ओलावा आतच राहतो आणि ती अनेक महिने काही न खाता काढते.

मागच्या मे महिन्यात मी अशी एक गोगलगाय काचेच्या बरणीत आणली. मुलांनी ती दोन दिवस पाहिली आणि सगळ्यांचे मत पडले की शंख रिकामा आहे. तिसऱ्या दिवशी मी बरणीत ओले फडके घातले. बराच वेळ काही झाले नाही. मधल्या सुट्टीनंतर एका मुलाला दिसले की पडद्याच्या कडेला ओलसर रेघ आली आहे. मग पडदा एका बाजूने सुटला, आत काहीतरी करडे हलले, आणि शाळा सुटायच्या सुमारास तिची चारही शिंगे बाहेर आली होती. दोन लांब शिंगांच्या टोकांना तिचे डोळे असतात, हेही मुलांनी तेव्हा पाहिले. मुले घरी जायला तयार नव्हती. एक काळजी मात्र घ्यावीच लागते: या गोगलगायींच्या अंगात माणसाला अपाय करणारे कृमी असू शकतात, त्यामुळे हातमोजे घालून शिक्षकानेच तिला उचलावे, मुलांनी फक्त काचेतून पाहावे, बरणी हाताळल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत, आणि नंतर तिला शेतात सोडू नये.

बेडकांबद्दलही सांगायला हवे. आपल्या मुरमाड जमिनीत एक गुबगुबीत, आखूड पायांचा बेडूक असतो. त्याच्या मागच्या पायांच्या तळव्याशी फावड्यासारखा कठीण उंचवटा असतो, आणि तो मागच्या पायांनी माती उकरत उलटा जमिनीत उतरतो. कोरडे महिने तो खालीच काढतो आणि पहिल्या मोठ्या पावसात वर येतो. ऋग्वेदातल्या मंडूकसूक्तात वर्षभर मौन धरून पडलेले बेडूक पाऊस येताच बोलू लागतात असे वर्णन आहे, म्हणजे ही गोष्ट आपल्या लोकांनी फार जुन्या काळापासून पाहिलेली आहे. मृगाच्या पहिल्या सरीनंतर रानात दिसणारा लाल मखमली मृगाचा किडाही वर्षाचा उरलेला बहुतेक काळ मातीखालीच असतो. मुलांना या प्राण्यांना उकरून काढू देऊ नये, हे मी दरवर्षी आधी सांगतो. दडी मारलेल्या प्राण्याला मध्येच बाहेर काढले तर त्याची साठवण वाया जाते आणि पाऊस येईपर्यंत ती पुरत नाही.

हिवाळ्यात आपल्याकडे दाखवायचेच असेल तर साप आणि मगर यांच्याबद्दल बोलावे. त्यांचे रक्त स्वतःहून तापत नाही, म्हणून थंडीत ते सुस्तावतात आणि उन्हाला येऊन पडतात. सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठी हिवाळ्यात मगरी ऊन खाताना दिसतात त्या यामुळेच. ती शीतनिद्रा नव्हे, पण थंडी आणि शरीर यांचा संबंध मुलांना त्यातून चांगला कळतो.

---

बालमन_समुपदेशक · १२ डिसेंबर

प्राण्यांविषयी वर सर्वांनी उत्तम लिहिले आहे. मी फक्त त्या मुलाविषयी लिहिते. लहान मुलांच्या शोकाशी माझा कामाच्या निमित्ताने नेहमी संबंध येतो. ‘झोपले’, ‘देवाघरी गेले’, ‘लांब गेले’ हे शब्द मोठी माणसे मायेपोटीच वापरतात, पण पाच वर्षांचे मूल शब्दाचा अर्थ शब्दशः घेते. झोपलेला माणूस उठतो, गेलेला माणूस परत येतो, ही त्याची रोजची खात्री असते. अशी मुले कधी स्वतः झोपायला घाबरतात, तर कधी दाराकडे बघत वाट पाहत राहतात. आपला विद्यार्थी वाट पाहत होता आणि आपल्या गोष्टीमुळे त्याला तारीख मिळाली, असे मला वाटते.

म्हणून आधी त्याच्या आईवडिलांशी बोला आणि मगच वर्गात विषय पुढे न्या. सांगायचे ते साधे असावे: आजोबा वारले, वारणे म्हणजे शरीराचे काम थांबणे, आता त्यांना भूक लागत नाही, दुखत नाही, थंडी वाजत नाही, ते परत येणार नाहीत, आणि त्यांची आठवण आली की आपण त्यांच्याबद्दल बोलायचे. हे घरच्या माणसाने, त्याला मांडीवर घेऊन सांगावे. तो रडेल, आणि ते रडणे आवश्यक आहे. दुसऱ्या दिवशी तो तेच पुन्हा विचारील, तेव्हा तेच उत्तर त्याच शब्दांत द्यावे. वर्गात मुलांना डोळे मिटून ‘झोपलेले अस्वल’ व्हायला लावणारा खेळ या वर्षी घेऊ नये, एवढी सूचना.

---

बालवाडीताई_वाई · ९ जानेवारी

सर्वांचे मनापासून आभार. आपण लिहिलेले मी वहीत उतरवून घेतले आणि त्याप्रमाणे एकेक गोष्ट केली.

त्या मुलाच्या आईशी मी दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर बोलले. त्यांनाही त्याने घरी तेच विचारले होते, आणि काय उत्तर द्यावे हे न सुचल्यामुळे त्यांनी ‘बघू’ असे म्हटले होते. आम्ही दोघींनी समुपदेशक ताईंचे शब्द एकत्र वाचले. रविवारी त्यांनी आणि त्याच्या वडिलांनी त्याला सगळे खरे सांगितले. सोमवारी तो आला नाही, मंगळवारी आला आणि सगळ्यांच्या आधी मला येऊन म्हणाला, “बाई, आजोबा झोपलेले नाहीत. ते वारलेत.” मी म्हटले, “हो रे बाळा, मला माहीत आहे.” मग त्याने आजोबा त्याला भुईमुगाच्या शेंगा कशा भाजून देत ते सांगितले आणि आम्ही दोघे बराच वेळ त्याबद्दल बोललो.

त्यानंतर एक आठवडा जाऊ दिला आणि मग पातेले-पळी घेऊन बसले. आधी शाळेच्या स्वयंपाकघरात नेऊन स्वयंपाक करणाऱ्या ताईंकडून गॅस मोठा, बारीक आणि बंद असा तिन्ही प्रकारे मुलांना लांबून दाखवला. बारीक ज्योत पाहायला मुले इतकी वाकली की मला हाताने मागे सारावी लागली. मग ठोके. बारा सेकंद वाट पाहताना त्या मुलाने शेजारच्या मुलीचा हात धरून ठेवला होता. ठोका पडल्यावर तो म्हणाला, “बारीक आहे, बंद नाही.” मी पुढे काही बोलले नाही.

चित्रपत्रिकेतल्या खारीवर पेरूवालीने स्वतःहून फुली मारली आणि शेजारी तीन पट्ट्यांची खार काढून तिच्या हातात पेरू दिला. अस्वलाच्या शू-ची माहिती आता गावातल्या प्रत्येक घरी पोचलेली आहे.

गुरुजी, आपल्याला एक विचारायचे आहे. मे महिन्यात आमची बालवाडी बंद असते आणि जूनच्या मध्यात उघडते, तोपर्यंत इकडे पाऊस सुरू झालेला असतो. बांधावरची गोगलगाय मी एप्रिलमध्येच आणून बरणीत ठेवली आणि फडके ओले केले, तर ती एप्रिलच्या उन्हातही बाहेर येईल का, की हवेत पावसाळ्यासारखा दमटपणा असावा लागतो?

---

उदगीरचा_गुरुजी · १० जानेवारी

ताई, येईल. तिला महिना कळत नाही, ओल कळते. बरणी वर्गातल्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवा, फडके कोमट पाण्यात भिजवून पिळून घाला आणि बरणीच्या तोंडावर जाळीदार कापड घट्ट बांधा, कारण रात्रीत ती बरणी चढून बाहेर येते. सकाळी शाळा भरताच फडके घातले तर मुले घरी जायच्या आत काहीतरी दिसेल. पहिल्या दिवशी नाही दिसले तर फडके पुन्हा ओले करून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. आणि पडदा सुटू लागला की त्या मुलाला पुढे बसवा.